म्हाळसाबाईने बसवलेला टाक

बोरीत म्हाळसाबाईच्या दिराला ओळखत नाही असं कुणी नाही. शाळेत त्याचा फोटो आहे. पंधरा ऑगस्टला त्याला हार पडतो, गुरुजी भाषण ठोकतात, आणि आपल्या गावचा अफसर रामकिशन एकाहत्तरच्या लढाईत विमान घेऊन गेला तो परत आला नाही, हे पहिलीतलं पोरही सांगतं. गावाने त्याला मान द्यायचा तेवढा दिला. राहिलं होतं ते घर.

धनगरांच्या या घरात गेलेल्या माणसाचा चांदीचा टाक करतात. दोन बोटांएवढा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली आकृती. तो देव्हाऱ्यात खंडोबाशेजारी बसला की ते माणूस घरचा देव होतं. सणावाराला त्याला नैवेद्य आणि पितरांच्या पंधरवड्यात त्याच्या नावाचं पान. रामकिशनचा टाक कधी झालाच नाही. सरकारची तार आली तिच्यात ‘बेपत्ता’ लिहिलं होतं. पुढे मृत धरल्याचा कागदही आला, पण थोरला भाऊ धोंडीबा, म्हणजे म्हाळसाबाईचा नवरा, अडून बसला. “देह बगितल्याबिगर दहावा न्हाई, अन् दहावा न्हाई तर टाक न्हाई.” पन्नासावर वर्षं उलटली, सासू गेली, तिचा टाक बसला, धोंडीबा स्वतः पंच्याऐंशीचा झाला, हे वाक्य मात्र जागचं हललं नाही.

म्हाळसाबाई काही मुकाट ऐकून घेणारी बाई नव्हे. मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडलेली, लांडग्याच्या अंगावर काठी घेऊन धावलेली, रानातच बाळंत होऊन तिसऱ्या दिवशी कळपामागे निघालेली. पण या एका बाबतीत तिने नवऱ्याचं ऐकलं होतं आणि त्याचाच तिला आता संताप येत होता. ती लग्न होऊन आली तेव्हा रामकिशन हायस्कुलात होता. अफसर झाल्यावर पहिल्या सुट्टीत त्याने आईला लुगडं आणलं, भावाला घड्याळ आणि वहिनीला चपला. तोवर ती अनवाणीच मेंढरांमागे फिरायची, आणि त्यात काही वावगं आहे असं घरात कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

यंदा पितरांची पानं वाढताना तिचा हात थांबला.

“जित्यात त्याचं ताट न्हाई, मेलेल्यात पान न्हाई,” ती नवऱ्याला म्हणाली. “गाव हार घालतंय अन् घरात त्याला घासभर अन्न न्हाई. आपून दोघं गेल्यावर कोण वाढणार हाय त्याला? पोरांनी तर बगितलं बी न्हाई.”

धोंडीबा तंबाखू मळत राहिला. त्या क्षणी म्हाळसाबाईने ठरवून टाकलं. येत्या चंपाषष्ठीला टाक बसवायचा, म्हातारा हो म्हणो की ना म्हणो.

पंचाहत्तरी ओलांडल्यापासून तिला एसटी फुकट. एक दिवस कुणाला न सांगता ती जिंतूरला व्यंकटराव सोनारांच्या दुकानात जाऊन बसली.

“वीर म्हनलं की घोडा आला, आजी,” व्यंकटराव म्हणाले. “ठसा तयार हाय. हातात तलवार बी हाय.”

“त्याला घोड्याचं लय भ्या वाटायचं. इमान काढा.”

असला टाक व्यंकटरावांकडे आजवर कुणी मागितला नव्हता. विमान कसं असतं ते म्हाळसाबाईलाच सांगावं लागलं, आणि तिने ते शिवारातून मान वर करून पाहिलेलं तेवढंच. दोन पंख, मधी अंग, मागं शेपूट. व्यंकटरावांनी मन लावून हाताने काम केलं, शोभा म्हणून पंखांवर बारीक बारीक रेघाही मारल्या. म्हाळसाबाईला तो टाक फार आवडला.

घरी आल्यावर तिने तो धोंडीबाच्या तळहातावर ठेवला. भांडणाची तयारी ती एसटीतच करून आली होती. धोंडीबाने चष्मा लावला, टाक उजेडाकडे धरला.

“हे काय हाय?”

“रामकिशनचं इमान.”

“ह्याला पिसं हायत!” म्हातारा ताडकन उभा राहिला. “इमानाला पिसं असत्यात का गं? दोन दिवस रेल्वेत बसून गेलो होतो मी त्याच्याकडं, हात लावून बगितलंय इमानाला. पंख मागं कललेले असत्यात, शेपूट उभं असतंय, तोंडाला हे एवढं भोक! देव्हाऱ्यात माझ्या भावाला कोंबडीवर बसवायलीस?”

म्हाळसाबाई उठून चुलीकडे गेली. कुठे तोंड मिटावं हे तिला बरोबर कळतं.

दुसऱ्या दिवशी धोंडीबाने पेटीतून भावाचा विमानाजवळ उभा असलेला फोटो काढला आणि सकाळच्या एसटीने जिंतूर गाठलं. दुपार कलेपर्यंत तो सोनारासमोर ठाण मांडून होता. दोनदा काम मोडायला लावलं, बिचारे व्यंकटराव मेटाकुटीला आले. संध्याकाळी टाक खिशात घेऊन तो परतला. दहाव्याचं नाव त्याने काढलं नाही, आणि म्हाळसाबाईनेही ते निघू दिलं नाही.

चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत झालं, रोडगे झाले. टाक धुऊन, भंडारा लावून सासूच्या टाकाशेजारी बसवला. मुलं, सुना, नातवंडं एकेक करून पाया पडली. धोंडीबा मात्र हात जोडून नुसता उभा.

तेव्हा कुठे म्हाळसाबाईच्या ध्यानात आलं. टाकापुढे घरातल्या प्रत्येकाने माथा टेकायचा असतो, आणि थोरला भाऊ जित्या धाकट्याच्या पाया कधी पडत नाही. देह, दहावा, सगळ्या सबबी होत्या. ज्याला खांद्यावर बसवून ओढ्यापलीकडच्या शाळेत सोडलं, त्याच्यापुढे वाकायचं म्हणजे तो गेला हे आपल्याच डोक्याने कबूल करायचं. इतकी वर्षं ती याला हट्ट समजत आली होती. तिला म्हाताऱ्याची फार माया आली.

धोंडीबा गुडघ्यांवर हात रोवून खाली बसला. माथा टेकला. वर काही येईना. त्याची पाठ हलत होती, आणि सुना एकमेकींकडे बघायला लागल्या.

म्हाळसाबाईने पदराने डोळे पुसले, वाढलेलं पान देव्हाऱ्यापुढे ठेवलं आणि नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

“उठा आता,” ती म्हणाली. “लय दिसांनी घरी आलाय. जेवू द्या त्याला.”