कोरसमधला गंधार

पत्रक लिहायला मला अर्धा तास पुरतो. मुद्दा, मागणी, खाली सभेची जागा. पण एक साधी मेजर कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन स्वर, आमच्या संघटनेच्या गाण्याच्या पथकातल्या अकरा जणांच्या गळी उतरवायला अख्खा उन्हाळा पुरला नाही.

करंजाड्यातल्या भाड्याच्या खोलीत मी एकटीच राहते. सोबतीला सेकंडहँड कीबोर्ड. त्यावर मी शिकले की सा, ग, प तेच ठेवायचे, फक्त जागा बदलायच्या. तिन्ही शेजारी शेजारी दाबले की कोंबल्यासारखे वाटतात. सा आणि प खाली, ग एक सप्तक वर, की त्यांनाच हवा लागते. ग काढूनच टाकला तर गाणं आनंदाचं की दुःखाचं, तेही कळत नाही.

उरणच्या सभेत आमचं गाणं असं तीन स्वरांत वाटून व्हावं, हा माझा हट्ट. पथकाची रीत मात्र ठरलेली: पुढचा ओळ टाकतो, मागचे तीच ओळ त्याच सुरात उचलतात. तालमीत दोन ओळी बऱ्या जायच्या. तिसरीला 'प' धरलेले गायक 'सा'वर घसरायचे, पाठोपाठ 'ग'वाले. जो मोठ्याने गातो त्याच्यामागे सगळे. आमच्या बैठकीत ठराव मंजूर होतात तसंच!

पथक चालवणारे दादा म्हणाले, "हे कॉलेजच्या गॅदरिंगला ठीक आहे. लोकांना सोबत गाता आलं पाहिजे."

"लोकांना काय जमतं ते तुम्ही ठरवणार?"

"मग काय, तू ठरवणार?"

सगळे हसले. "गा मग माझ्याशिवाय," म्हणून मी निघाले. कोणी थांबवलं नाही. दोन आठवडे एकाचाही फोन नाही. आणि उठसूट एकमेकांना 'साथी' म्हणणारी ही माणसं!

सभेला गेले, पण शेवटच्या रांगेत बसले. ते एका सुरात गायले. वाईट हे की चांगले गायले. दुसऱ्या कडव्याला मी बसल्या जागी माझा ग लावला. अचूक लागला होता, शपथेवर सांगते.

पुढच्या रांगेतली एक म्हातारी मासळीवाली वळली. "बाय, तुजा सूर चुकला गो. आमी म्हनतो तसा म्हन."

आणि माझ्याकडे तोंड करूनच तिने पुढची ओळ म्हटली, हळू, मला पकडता यावी म्हणून. मी ग सोडून तिच्यासारखा सा धरला.

"आता बरा लागला," ती म्हणाली.

दोन आठवड्यांत माझ्याशी आपणहून बोललेलं ते पहिलं माणूस. मी तिला काहीही समजावलं नाही.