कवा कळलं ते आधी सांगा

अमकी गाडी जिंतूरला पोचली असं कोणी सांगितलं, की प्रल्हाद खिल्लारे आधी मनगटावरचं घड्याळ बघायचा. मग म्हणायचा, "काका, गाडी कुठं हाय ते मागून सांगा. तुमाला कवा कळलं ते आधी सांगा."

पहिल्यांदा त्याने मला हे विचारलं तेव्हा मला तो निव्वळ उद्धटपणा वाटला. परभणीत आमच्या मालकांचे अकरा ट्रक होते आणि ते अकराही वीस वर्षं माझ्या डोक्यात फिरत होते. कोणती गाडी कुठे आहे, कोणता ड्रायव्हर कोणत्या रस्त्याला नको म्हणतो, परतीचा माल कोणाला कुठे मिळेल, सगळं मला तोंडपाठ. मालक म्हणायचे, "दिनकरराव असले की मला नकाशा नको." हे वाक्य मी घरी बायकोला किती वेळा ऐकवलं असेल, त्याची गणती नाही.

मालकांच्या नांदेडच्या साडूने कॉम्प्युटर घेतला, म्हणून आमच्याकडेही आला. त्याच्या पाठोपाठ खिल्लारे आला. तो बोरीचा, पंचविशीचा, औरंगाबादला कॉम्प्युटर शिकलेला. विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न तेव्हा लोंबकळत होता आणि आडनाव ऐकून लोक माणसाशी कसं बोलायचं ते ठरवत. तो मात्र सगळ्यांशी एकाच सुरात बोलायचा. गाड्यांचा प्रोग्राम त्याने स्वतः लिहिला. त्याआधी तीन महिने तो माझ्यासमोर वही घेऊन बसला होता. "रशीदभाईला पालमच्या रस्त्याला का लावत न्हाई, काका?" मी सांगायचो, तो लिहून घ्यायचा. मला वाटायचं, पोरगं आपल्याकडून शिकतंय. पुढे काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत माझंच ज्ञान ओळीने उभं राहिलेलं दिसलं.

प्रत्येक गाडीपुढे त्याने दोन रकाने केले होते. एक 'कुठे', दुसरा 'कधी कळले'. रोमन अक्षरांत, पण मराठीच. बातमी चार तासांपेक्षा जुनी झाली की ती ओळ लुकलुकायला लागायची. "खबर भाकरीवानी असती, काका," तो म्हणायचा. "सकाळची सांजच्याला वातड होती."

वर्षभरात रिकामी परतणारी गाडी क्वचितच दिसू लागली. ड्रायव्हर आल्या आल्या त्याच्या टेबलाकडे जायचे. रशीद त्याच्यासाठी बोरीहून पेरू आणायचा. वीस वर्षांत त्याने मला एक पेरू दिला नव्हता. हे सगळं मी गिळलं. पण एके दिवशी मालकांनी माझ्या टेबलावरचा फोन उचलून खिल्लारेच्या टेबलावर ठेवला. जाता जाता म्हणाले, "दिनकरराव, तुम्हाला आता आराम." फोनच्या जागी धूळ न बसलेला चौकोन राहिला होता. दिवसभर मी त्याच्याकडेच बघत होतो.

एक काम तेवढं माझ्याकडे उरलं. वाटेतले ड्रायव्हर परभणीकडे येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे चिठ्ठ्या देत. मी अकराच्या सुमाराला स्टँडवर चहाला जायचो आणि त्या गोळा करून आणायचो. खिल्लारेचा सगळा प्रोग्राम या चिठ्ठ्यांवर चालायचा.

त्या दिवशी जिंतूरच्या बसच्या कंडक्टरने एकच चिठ्ठी दिली. रशीदची होती. बोरीजवळ गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला होता, संध्याकाळपर्यंत गाडी हलणार नव्हती. ही गाडी दुपारी चारठाण्याला टोमॅटो भरायला जायची होती. माल नागपूरच्या बाजारासाठी तोडलेला. ऑफिसच्या आवारात दुसरी गाडी रिकामी उभी होती. मी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि वरच्या खिशात ठेवली.

ऑफिसात पाऊल टाकताच त्याने विचारलं, "काका, रशीदभाईची काई चिठ्ठी?"

"काही नाही."

"नक्की?"

"अरे, नाही म्हणतोय ना!"

त्याने मान हलवली आणि चारठाण्याच्या व्यापाऱ्याला फोन लावला. "गाडी येईल. तुमी माल रस्त्याला आणून ठेवा." मी मनाशी म्हणत होतो, तासाभराने चिठ्ठी काढू, विसरलो म्हणू. एकदा तरी त्याचं यंत्र चुकू दे. पण तास उलटला आणि विसरलो म्हणण्याची वेळही उलटली.

टोमॅटो दिवसभर उन्हात राहिले. दुसऱ्या दिवशी व्यापारी येऊन मालकांच्या टेबलावर चार पिचके टोमॅटो आपटून गेला. पुन्हा तुमच्या दारात येणार नाही म्हणाला, आणि आला नाही. मालक खिल्लारेवर कडाडले, "तुमचा डबा खोटं बोलतो! विद्यापीठाचं नाव बदलायला निघालात, आता माझा धंदाही बदलणार काय?" ऑफिसातले हसले. मीही हसलो. मी जे केलं ते जातीपायी नव्हे, मत्सरापोटी केलं, अशी समजूत मी पुष्कळ वर्षं घालून घेतली. पण ते हसणं त्या समजुतीत बसत नाही.

तेवढ्यात रशीद आला, हात ग्रीसने माखलेले. "मैं तो चिठ्ठी दिया था मालिक! कंडक्टर के हाथ में दिया!"

खिल्लारेने माझ्याकडे पाहिलं. कालचाच शर्ट माझ्या अंगावर होता आणि चिठ्ठी खिशात होती. त्याची नजर त्या खिशावर गेली. मग म्हणाला, "कंडक्टर इसरला आसंल."

त्याने मला वाचवलं, की आपलं इथे कोणी ऐकणार नाही हे त्याने ओळखलं होतं? मला अजून कळलेलं नाही. आठवडाभरात त्याची नोकरी गेली. जाताना तो कॉम्प्युटरवरचं कापड नीट ओढून गेला. मला म्हणाला, "येतो काका."

फोन माझ्या टेबलावर परत आला. मालकांनी कॉम्प्युटरही मलाच शिकायला लावला. महिनाभर चाचपडल्यावर एकदा मी एका गाडीचा नंबर घातला. तिची चिठ्ठी आलेली नव्हती. पडद्यावर अक्षरं उमटली: 'चिठ्ठी नाही. काकांना विचारा. ते सांगतील ते खरे.'

असं त्याने अकराही गाड्यांना लिहून ठेवलं होतं. त्याच्या प्रोग्रामात कुठल्याच बातमीवर वेळ पाहिल्याशिवाय विश्वास नव्हता. बिनघड्याळाचा विश्वास एकाच ठिकाणी होता, माझ्यावर.

पुढे त्याने पालमला टायपिंग आणि कॉम्प्युटरचा क्लास काढला. एकदा तिथल्या स्टँडवर भेट झाली. त्याचे केस पिकले होते. त्याने हट्टाने चहा पाजला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मी धीर करून म्हणालो, "प्रल्हाद, ती रशीदची चिठ्ठी..." त्याने घड्याळ पाहिलं. "काका, तुमची बस लागली बघा." मी उठलो आणि बसमध्ये जाऊन बसलो. ऐकायचं नव्हतं ते त्याला, की सांगायचं नव्हतं मला, देव जाणे.

मागच्या उन्हाळ्यात तो वारला. म्हातारा रशीद सांगायला आला होता. येताना त्याने पेरू आणले होते. मी एकही खाल्ला नाही.

मालक गेले, ऑफिस मोडलं. पण परभणीत आमच्या पिढीची चार माणसं अजून आहेत आणि ती अजून सांगतात, की खिल्लारेच्या कॉम्प्युटरने व्यापारी घालवला. त्यांच्यासाठी हे लिहिलं. प्रल्हादच्या पद्धतीनेच लिहितो, कुठे ते मागून, कधी ते आधी.

मला कळलं ते त्याच दिवशी, सकाळी अकराला. गाडी बोरीजवळ होती. चिठ्ठी माझ्या खिशात होती.