आज लंबू उतरणार का?

मी आज जो काही आहे त्यात सर्वांत मोठा वाटा मधुकरकाका बोकारे यांचा आहे. हे मी त्यांना तोंडावर कधी म्हणालो नाही. म्हणालो असतो तर ते म्हणाले असते, "अबे, भाषण नको, चहा टाक." गेल्या महिन्यात एका गुरुवारी संध्याकाळी नलूकाकूंचा फोन आला तेव्हा मी कामावर होतो. आमच्या हॉकी संघाचा सराव नुकताच संपला होता आणि बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र रिंगणात सावकाश फेऱ्या घालत होतं. काकू एवढंच म्हणाल्या, "गेले रे..." यंत्राच्या मागे ओला, कोरा पट्टा उमटत होता.

काका माझ्या नात्यातले नव्हते. मी किनवटचा. वडील एसटी डेपोत मेकॅनिक, आणि घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. संख्याशास्त्र शिकायला ओहायोत आलो तेव्हा मराठी मंडळाने कळवलं म्हणून एक अनोळखी गृहस्थ विमानतळावर घ्यायला आले, ते काका. मूळ नागपूरचे, एका विमा कंपनीतून निवृत्त झालेले, डब्लिन नावाच्या उपनगरात राहणारे. मुलगी कॅलिफोर्नियात, घरात ते आणि नलूकाकू दोघंच. "दोन दिवस राहा, मग खोली बघू," म्हणाले. त्यांच्या तळघरात मी दोन वर्षं राहिलो. खोलीचा विषय पुन्हा निघालाच नाही. पहिल्या हिवाळ्यात, दुपारी चारलाच अंधारून यायचं तेव्हा, मी घरच्या आठवणीने अगदी मिटून गेलो होतो. एका शनिवारी काका जिन्यावरून ओरडले, "रडायचं असेल तर बस, नाहीतर कोट घाल. मॅचला चाललो आपण."

बर्फावरची हॉकी मी तोवर पाहिलीच नव्हती. पायांत स्केट्स, हातांत काठ्या, रबराची छोटी काळी चकती आणि तिच्यामागे वाऱ्यासारखी धावणारी धिप्पाड माणसं. मला चकतीच दिसेना. काका म्हणाले, "चकती नको बघूस, माणसं बघ. ज्याच्याकडे चकती नाही तो कुठे निघाला ते बघ." आमच्या शहराच्या संघात तेव्हा एक स्वीडिश खेळाडू नवा आला होता. पुढे तो संघाचा तारा झाला. त्याचं नाव इथे देत नाही, कारण आमच्या घरात त्याला ते नाव नव्हतंच. काका त्याला लंबू म्हणत. "नलू, आज लंबूने दोन मारले!" असं ते दारातूनच सांगत, आणि काकू स्वयंपाकघरातून म्हणत, "त्याला म्हणावं जेवायला ये एकदा. किती वाळलाय!"

त्या खेळातले आकडे मांडणं हाच पुढे माझा अभ्यास झाला. संघाच्या कार्यालयात जागा निघाली तेव्हा काकांनीच मला इस्त्री केलेला स्वतःचा टाय बांधून दिला आणि मुलाखत संपेपर्यंत बाहेर गाडीत बसून राहिले. नोकरी लागली. कोण किती वेगाने धावतो, कुणाचा पाय थकतोय, हे चित्रफितींवरून काढून लिहायचं, हे माझं काम. तेव्हापासून मॅचच्या दिवशी सकाळी काकांचा फोन ठरलेला. "काय साहेब, आज लंबू उतरणार का?" मी म्हणायचो, "उतरणार काका." झालं. एवढंच बोलणं. पण त्या फोनशिवाय माझा दिवस सुरू होत नसे.

या खेळात 'ट्रेड' नावाचा प्रकार असतो. एक संघ आपला खेळाडू दुसऱ्या संघाला देतो आणि बदल्यात त्यांचे खेळाडू घेतो. बहुतेकदा खेळाडूला कुणी विचारत नाही. तो सकाळी एका शहरात उठतो आणि रात्री दुसऱ्या शहरात झोपतो. काका म्हणायचे, "आपल्याकडची बदली रे. फरक एवढाच की इथे कुण्या साहेबाच्या बायकोला साडी नेऊन ती रद्द करता येत नाही." ट्रेड ठरत आला की त्या खेळाडूला मॅचमध्ये उतरवत नाहीत. ऐनवेळी दुखापत झाली तर ठरलेलं सगळं मोडतं. आणि जाहीर होईपर्यंत आतल्या माणसाने बाहेर अक्षर बोलायचं नाही, हा आमचा कडक नियम.

या हिवाळ्यात काकांचं हृदय फार थकलं होतं. डॉक्टरांनी गर्दी आणि थंडी दोन्ही बंद केली होती. खूप विनवण्या केल्यावर एका मॅचची परवानगी मिळाली. काकू म्हणाल्या, "टीव्हीवर बघा ना." काका म्हणाले, "टीव्हीत थंडी लागत नाही." मंगळवारची मॅच ठरली. त्या दिवशी सकाळी आमची बैठक झाली. लंबूचा ट्रेड जवळजवळ ठरला होता आणि संध्याकाळी त्याला बसवून ठेवणार होते. बैठकीतून बाहेर पडतो तोच काकांचा फोन.

"काय साहेब, आज लंबू उतरणार का? नसेल तर सांग, नलूला उगाच त्रास देत नाही. एकदाच जायचंय, तर त्याला बघून येतो."

माझा व्हिसा या नोकरीवर होता. दारात माझे वरिष्ठ उभे होते. मी म्हणालो, "हो काका, उतरणार. या."

थंडी फार आहे, आज नका येऊ, असं काहीही म्हणता आलं असतं. नंतर मला शंभर वाक्यं सुचली.

आम्ही वरच्या मजल्यावर काचेमागे बसतो. तिथून मला खालच्या रांगेतली त्यांची चाकाची खुर्ची दिसत होती. स्वेटरवर त्यांनी लंबूच्या नंबरची जर्सी चढवली होती, ती पोटावर ताणली गेली होती. खेळाडू सरावाला बर्फावर आले. काका बोट हलवत एकेकाला मोजत होते... मोजून झाले, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. मग त्यांनी मान वर करून आमच्या काचेकडे पाहिलं. इतक्या लांबून मी त्यांना दिसणं शक्य नव्हतं, तरी मी मागे सरकलो. हा खेळ तीन भागांत होतो; दुसऱ्या मध्यंतरात ट्रेडची बातमी सगळ्यांच्या फोनवर आली. मी खाली पाहिलं तेव्हा खुर्चीची जागा रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी घरी गेलो. म्हणालो, "काका, मला माहीत होतं. पण सांगता येत नव्हतं."

"अबे, सांग म्हणून कोण म्हणतंय तुला?" त्यांचा आवाज चढलासुद्धा नाही. "म्हणायचं होतंस, काका, आज काही विचारू नका. मी समजलो असतो. तुझी नोकरी मला नाही का प्यारी? पण तू 'हो' का म्हणालास?"

काकूंनी पोहे आणले. काकांनी आईची चौकशी केली, नव्या गाडीला बर्फात चालणारे टायर लावलेस का, विचारलं. माया तशीच होती. फक्त त्यानंतर मॅचच्या सकाळी फोन आला नाही. एक मॅच गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. मी फोन हातात धरून बसायचो. बाकी सगळं ते विचारत, हॉकीबद्दल एक शब्द नाही. शिक्षा म्हणून नव्हे, हे मला कळत होतं. मला पुन्हा खोटं बोलावं लागू नये म्हणून त्यांनी विचारणंच सोडलं होतं.

समोर बसून बोलायचा धीर होईना, म्हणून मी पत्र लिहून टपालाने पाठवलं, घर वीस मिनिटांवर असताना. दिवसकार्य झाल्यावर काकूंनी सांगितलं की पत्र त्याच गुरुवारी दुपारी पोचलं. काकांनी एकदा स्वतः वाचलं, एकदा काकूंकडून वाचून घेतलं. मग म्हणाले, "शनिवारी गोलकीपर कोण ठेवतात, विचारायला पाहिजे त्याला. आता कामात असेल. संध्याकाळी फोन लावून दे." चहा झाल्यावर जरा पडतो म्हणाले, ते उठलेच नाहीत.

पत्राची प्रत मी ठेवली नव्हती. काकूंनी मूळ पत्र मला परत दिलं. ते असं आहे:

"तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

मी तुमच्याशी खोटं बोललो. नोकरी जाईल या भीतीने बोललो, पण तुम्ही मला अडचणीत आणाल अशी भीती मला कधीच नव्हती, म्हणून ते जास्त लागतं. आणखी एक सांगायचं राहिलं आहे. आता ट्रेड जाहीर झालाय, म्हणून सांगता येतं. लंबूचा वेग कमी होत चाललाय, असा अहवाल ज्यांनी लिहिला त्यांत मीही होतो. ते खरं होतं, तुम्हालाही दिसलं असणार. माणसं बघायला तुम्हीच शिकवलंत. कागदावर मी खरं लिहिलं आणि तुमच्याशी मात्र बोललो नाही.

तुम्ही विचारत नाही, तेव्हा सकाळ जात नाही. घरापासून इतक्या लांब मला कुणीतरी विचारणारं आहे, या आधारावर मी इथे टिकलो. यापुढे सांगण्यासारखं असेल ते सांगेन. सांगता येणार नाही तिथे गप्प बसेन, आणि तुम्ही ओळखाल. पण 'हो' म्हणेन ते खरंच असेल.

शनिवारी मॅच आहे. लंबू नाही, तरी फोन करा. काहीही विचारा.

तुमचा,
प्रकाश"