दाजींची उदबत्ती

इथं बहारीनमध्ये, मुहर्रकच्या बाजारात भाजी घेत होतो तेव्हा ताईचा फोन आला. "हे उठत नाहीयेत रे." मी म्हणालो, "सुट्टी आहे, झोपू दे की त्यांना!" ...असा मी शहाणा. मग कळलं, दाजी झोपेतच गेले, आणि हातातल्या मेथीच्या जुडीसकट धावत सुटलो. काही आठवडे झाले, अजून खरं वाटत नाही. आदल्या संध्याकाळीच दाजी फोनवर हसत होते, "कॅनडातल्या घराला काचा बसल्या. आता तुमच्या ताईला न येण्याचं कुठलं कारण उरलं?"

दाजी, म्हणजे ताईचे यजमान, बहारीनमधल्या इमारतींच्या एसीचे इंजिनियर. जन्म गारवा पुरवण्यात गेला, आणि बाहेर डांबर वितळत असताना हा माणूस लेकीच्या गावी, बर्फात, एक ऊबदार घर आखत बसायचा. निवृत्तीनंतर तिथंच राहायचं होतं. अडचण एकच, ताई. तिचे गुडघे इथल्या एसीतसुद्धा कुरकुरतात. "मी नाही येणार त्या थंडीत, तुम्ही जा," ती म्हणायची. दाजींचं उत्तर ठरलेलं, "घरात स्वेटर लागला तर पुढच्या विमानानं परत आणतो."

म्हणून मोठ्या खिडक्या दक्षिणेच्या उन्हाकडे, भिंती जाड, काचा तिहेरी. "मोठा हीटर लावणं म्हणजे फुटक्या बादलीवर मोठा नळ सोडणं. आधी भोकं बुजवा!" भोकं शोधायचं त्यांचं यंत्र म्हणजे उदबत्ती. एकदा आमच्या अरादच्या फ्लॅटवर आले, चपला काढल्या आणि पेटती उदबत्ती घेऊन खिडक्यांपुढून फिरू लागले. मी, पेशानं हिशेबनीस, हात जोडून भक्तिभावानं मागे. "अहो हिशेबनीस, आरती नाहीये ही! धूर कुठं वाकतोय ते बघा. तुमचा एसी अख्ख्या अरादला गार करतोय." बायको अजून त्यावरून मला हसते.

परवा ताईकडे गेलो. दाजींच्या फोटोपुढे उदबत्ती होती आणि धूर खिडकीकडे वाकत होता. दुसऱ्यांच्या खिडक्यांच्या फटी बुजवणाऱ्याचं स्वतःचं घर... मी चिकटपट्टी शोधायला आत गेलो, तर पलंगावर बॅग उघडी. ताई निघाली होती. लेकीकडे, त्या घरात राहायला.

"ताई, स्वेटर कुठाय?"

"हे म्हणालेत ना, लागणार नाही."

"अगं, विमानतळापासून घरापर्यंत तरी?"

"तेवढ्यापुरता लेक आणेल." ती फोटोपाशी गेली, उदबत्तीचा उरलेला पुडा उचलून आणला आणि मऊ साडीत गुंडाळून बॅगेत ठेवला... स्वेटरची जागा असते ना, तिथं.