कागदावर नापास झालेला अंबर

ही गोष्ट मी अकरा वर्षं टाळली. कुणी विषय काढला की मी चहा मागवायचो.

तो अंबर मी पहिल्या दहा मिनिटांत नापास केला होता.

अंबडच्या एका सुगंधाच्या कंपनीत मी क्वालिटी बघायचो. सॅम्पल पास की फेल, हे माझं नाक ठरवायचं. नाकाला तेव्हा फार मान होता आणि त्याची मला पुरेपूर कल्पना होती.

अत्तरातला अंबर म्हणजे दगड नव्हे. लोबान, राळ, व्हॅनिला यांचं उबदार, गोडसर मिश्रण. बाजारातला बहुतेक केमिकलचा असतो, झाकण उघडताच गोड लागतो. आमच्या लॅबमधल्या सुनंदाने मात्र सगळा नैसर्गिक केला. त्यात नागरमोथ्याचं तेल घातलं आणि मनुका स्पिरिटमध्ये मुरवून काढलेला अर्कही. सटाण्याच्या या मुलीचं प्रोबेशन संपत आलं होतं. सॅम्पल पास झालं तर परफ्यूमर म्हणून कायम, नाहीतर पॅकिंगला.

सकाळी अकराच्या सुमारास मी कागदी पट्टीवर थेंब टाकला, हुंगला आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "सुनंदा, ही बाटली आहे की शेळ्यांचा गोठा?"

लॅब हसली. तीही हसली.

"सर, कागदावर नको, हातावर बघा. तासाभराने शेळ्या चरायला जातात."

तिने माझ्या मनगटावर थेंब लावला. तिचं बरोबर होतं. नैसर्गिक अत्तर अंगाच्या उबेने सावकाश उलगडतं. चार तास थांबून मगच रिपोर्ट लिहायचा, हे ट्रेनिंगमध्ये मीच शिकवायचो. पण बाराला मॅनेजरांकडे मीटिंग होती. 'हातावर चार तास तपासले. अप्रिय.' असं लिहून मी सही ठोकली.

दीडला डबा उघडला तेव्हा गोठा गेला होता. जुन्या लाकडी कपाटासारखं काहीतरी आलं होतं. साडेतीनला मनुका आल्या. घरी गेल्यावर बायकोने हात धरून विचारलं, हे कुठलं? एरवी म्हणे माझ्या अंगाला नुसता कारखान्याचा वास येतो.

सकाळी रिपोर्ट मागे घ्यायचं ठरवून गेलो. मॅनेजर दारातच म्हणाले, "तुमच्या नाकाने वाचवलं बरं का. ते क्लायंटला दाखवणार होतो आम्ही."

"कामच आहे ते," मी म्हणालो.

सुनंदा पॅकिंगला गेली. दोन महिन्यांनी नोकरीच सोडली. 'शेळीवाली' हे नाव तेवढं लॅबमध्ये राहिलं.

गेल्या हिवाळ्यात गंगापूर रोडच्या एका प्रदर्शनात ती भेटली. स्वतःचा स्टॉल, तोच अंबर. गिऱ्हाइकांना सांगत होती, लगेच घेऊ नका, लावून फिरून या. मलाही लावला. मी दोन तास फिरलो. वाक्य जुळवत होतो. परत आलो तर तीच म्हणाली,

"सर, एक विचारू? त्या दिवशी चौथ्या तासाला नेमकं काय खटकलं होतं? ते शोधत मी कित्येक वर्षं हा बदलत बसले. शेवटी कंटाळून पहिल्यासारखाच केला."

"आता आठवत नाही गं," मी म्हणालो.

तिने एक बाटली माझ्या हातात ठेवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

अत्तराला वेळ द्यावा, हे मी आजही कुणालाही शिकवू शकतो. 'सुनंदा, तो रिपोर्ट मी पहिल्याच तासात लिहिला होता, मला माफ कर', हे वाक्य पार्किंगपर्यंत तोंडपाठ होतं. गाडीत बसून मी ते एकदा म्हणूनही पाहिलं. काचा बंद होत्या.