पगारी पिचर

"काई नाई होत, वैनी. अजून एकच टाकतो." हे त्याचं पालुपद. त्या 'एकच'नंतर अंधार पडेपर्यंत चेंडू कुंपणावर आदळत राहायचे.

मूळचा अमरावतीचा. इथे परदेशात, वुडलँड्सला आमच्या खालच्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत राहायचा. इथल्या एका बेसबॉल क्लबनं त्याला चेंडू फेकायला चक्क पगारावर आणलं होतं. बाकीचे ऑफिस सुटल्यावर हौसेनं खेळणारे. पगारी हा एकटाच. खेळ थांबला की इथे राहायचा पास रद्द, आणि थेट घरी. आमच्या ह्यांना मात्र ते क्रिकेटच वाटायचं. "विकेटी किती काढल्यास रे?" तो बिचारा इमानदारीत आकडा सांगायचा.

गणपतीत तो आमच्याकडे आरतीला आला. तीर्थ घेताना उजव्या हाताखाली डावा हात, मान पार खाली. बायका हरखल्या. "बघा, याला म्हणतात संस्कार!" तुम्हीही तेच म्हणाला असता. पण मी नोव्हेनाच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. आपण डावा हात नुसता खाली धरतो. हा डाव्यानं उजवा उचलत होता. तरी तो ओठांपर्यंत पोचेना, म्हणून मान खाली.

लिफ्टपाशी त्याला गाठलं. "झोपतोस कुठल्या कुशीवर?"

"बसूनच झोपतो," तो हळूच म्हणाला. "क्लबात सांगू नका, वैनी. रविवारी फायनल हाय. बाबानं साऱ्या मोहल्ल्यात सांगून ठेवलं, पोरगा परदेशात खेळते म्हणून."

"अरे, हात कायमचा जाईल!"

"थांबलो तरी बी जातोच ना मी."

रविवारी मी मैदानावर गेले. आभाळ गच्च दाटलेलं. मध्येच विजेच्या इशाऱ्याचा भोंगा झाला आणि सगळे आत पळाले. मला इतकं हायसं वाटलं! पण पाऊस आलाच नाही. धोका टळल्याचा भोंगा वाजला, खेळ पुन्हा सुरू झाला. तोवर त्याचा खांदा थंड पडला होता. पहिल्याच फेकीला चेंडू त्याच्या पायाशी पडला आणि हात लोंबत राहिला.

पुढे पास रद्द झाला, तो गेला. मला आठवतो तो मात्र त्या रविवारी मैदानाबाहेर येऊन माझ्या शेजारी बाकावर बसलेला. त्याच्या बॅगेत फोन वाजत होता.

"बाबा असतील. उचला ना वैनी. खेळून रायला म्हना."

मी उचलला. "खेळतोय हो तो, बाबा."

"आयकलं का रे?" पलीकडे म्हातारा कुणाला तरी ओरडून सांगत होता. "अजून खेळूनच रायला!"