फरशीकाका आणि आमचं बाथरूम

कुणाच्याही घरी गेले की फरशीकाका आधी बूट काढत, मग मोजे काढत आणि यजमानांना नमस्कार करायच्या आत उजव्या टाचेने जमिनीवर ठोके देत. यजमान श्वास रोखून उभे. काका डोळे मिटून ऐकत, एखाद्या जागी थबकत आणि म्हणत, "इथे पोकळ वाजून राहिलं बापा." त्यानंतर घरात बारसं असो की गणपतीची आरती, सगळ्यांचं लक्ष त्या एका टाइलकडे. अमेरिकेतल्या आमच्या शॉमबर्गमध्ये नवीन घर घेतलेली मराठी जोडपी वास्तुशांतीला काकांना बोलवावं की नाही, यावर आपसात भांडत असत.

काका मूळचे नागपूरचे, एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर आर्किटेक्ट. आठवडाभर स्क्रीनवरच्या चौकोनांना बाण जोडायचे, हे त्यांचं काम. त्यातला एकही चौकोन हाताला लागत नाही म्हणून की काय, शनिवारी ते खऱ्या चौकोनांकडे वळत. ही विद्या त्यांनी व्हिडिओ बघून मिळवलेली. गुडघ्यांना पॅड, कमरेला पट्टा, पट्ट्यात छिन्नी, हातोडी आणि थापी. त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात मात्र सिंकसमोर कित्येक वर्षं पुठ्ठा अंथरलेला होता. काकू म्हणायच्या, "लोकांकडे दिव्याखाली अंधार असतो, आमच्याकडे पुठ्ठा आहे."

"लक्षणाला मलम लावू नका, मूळ शोधा," हे त्यांचं ब्रीदवाक्य. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये असं आपले पूर्वज सांगून गेले. त्या यादीत टाइल घालायचं त्यांच्याकडून राहून गेलं आणि ते आम्हाला भोवलं.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये दाराजवळची एक टाइल हलत होती. एकच. एरवी मी तिच्याकडे लक्ष दिलं नसतं, पण आई यायची होती. हिवाळ्यात बाबा गेले आणि तेव्हापासून आई फोनवर फक्त "हो", "बरं" आणि "जेवले" एवढंच बोलायची. साताऱ्याच्या घरात ती एकटी काय करत असेल, या विचाराने माझा जीव वरखाली व्हायचा. मोठ्या मिनतवारीने ती सहा महिने यायला तयार झाली होती. तिचे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, म्हणजे तिला हेच एक बाथरूम. सगळं कसं नीट हवं, तिला इथे बरं वाटायला हवं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. काकांना म्हटलं, "काका, नुसती चिकटवून द्या ना."

काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी कॅन्सरवर क्रोसिन मागितली होती. दुपारपर्यंत दारापासून टबापर्यंतची फरशी उचकटलेली होती आणि खालचं प्लायवुड भिजल्या पावासारखं फुगलेलं दिसत होतं.

"मागच्या उन्हाळ्यात तुमच्या सासूबाई येऊन गेल्या ना?" काकांनी विचारलं.

"हो, पण तुम्हाला कसं कळलं?"

"त्यांनी रोज बादलीने पाणी ओतून, खराट्याने खसाखसा बाथरूम धुतलं. इथे जमिनीत मोरी कुठे आहे हो? पाणी जाणार कुठे? आपल्या लोकांच्या प्रत्येक घरी हेच होऊन राहिलं. आया येतात, धुतात, जातात. मग मला फोन येतो." एवढं बोलून त्यांनी फोनवर प्रोजेक्ट प्लॅन उघडला. त्यात फेज वन, फेज टू आणि डिपेंडन्सीज होत्या. आई कुठेच नव्हती.

आई आली तेव्हा कमोडभोवतीची फरशी तेवढी बसवून झाली होती आणि टब वापरता येत होता. बाकी सगळं उघडं लाकूड आणि त्यावर प्लास्टिक. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईने दारातून आत डोकावलं आणि म्हणाली, "हे काय रे? अमेरिका, अमेरिका म्हणतात ती हीच का?" कित्येक महिन्यांत तिने विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

पुढच्या शनिवारी काका आले आणि आईने त्यांना गाठलं. "अहो, माझ्या लग्नाचा मांडव दोन दिवसांत उभा राहिला होता. तुम्ही फरशी बसवताय की काशीचा घाट बांधताय?"

"मावशी, लेव्हल चेक करून राहिलो."

"लेव्हल तुमची चेक करा आधी."

मग हे दर शनिवारचं झालं. आई सकाळपासून दाराकडे डोळे लावून बसायची, काकांसाठी पोहे करायची आणि ते पुढे ठेवताना त्यांना नावं ठेवायची. आठवडाभर तेच पुराण. माझी मुलगी आईस्क्रीम खात मला सांगायची, "डॅड, आजी इज ड्रॉइंग हिज फेस ऑन द कॅलेंडर." काका मात्र कधी टाइलची छटा जुळत नाही म्हणून, कधी फटींमध्ये भरलेलं ग्राउट वाळलं नाही म्हणून अर्ध्या कामावरून उठत. शेवटी माझं डोकं फिरलं. मी सांगितलं, "काका, बस झालं. सोमवारी कॉन्ट्रॅक्टर बोलावतोय."

काका मला गॅरेजमध्ये घेऊन गेले. "नका बोलावू. आमची आई आली होती ना, तेव्हा मी सगळं आधीच तयार ठेवलं होतं. घर नुसतं चकाचक. तिला करायला काही नव्हतं, बोलायला काही नव्हतं. सोफ्यावर बसून राहिली आणि परत गेली. पुन्हा आली नाही." मग खाली बघत म्हणाले, "फरशी होईल हो. मावशींना भांडू द्या."

हे खरं होतं की कामचुकारपणाला शोधलेली सबब, मला आजही सांगता येणार नाही. छटा खरोखरच जुळत नव्हती. पण त्या दिवशी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मी कॉन्ट्रॅक्टरला कॅन्सल केलं.

फरशी आई जायच्या आठवड्यात पूर्ण झाली. एक कोपरा जरा उंच, पण झाली. जायच्या दिवशी सकाळी आईने दोन बादल्या पाणी ओतून ती खसाखसा धुतली. विमानतळावर निरोप घेताना म्हणाली, "ओट्याजवळची फरशीही मला वाजल्यासारखी वाटते. त्यांना सांग बघायला. मी पुढच्या वर्षी येईन, तोवर सगळी करू नका म्हणावं."

आईचा निरोप सांगायला काकांकडे गेलो तेव्हा त्यांच्या घरात खोके भरणं चाललं होतं. निवृत्त होऊन ते लेकीकडे दूर जर्सी सिटीला निघाले होते, एका उंच इमारतीत भाड्याच्या घरात. तिथे टाइलला हात लावला तर बिल्डिंगचा मॅनेजर नोटीस पाठवतो. तरी ते पट्टा बांधून आले. ओट्याजवळची एकेक टाइल त्यांनी हाताने दाबून तपासली.

"काय म्हणतं मूळ?" मी विचारलं.

"एकही सुटलेली नाही. बिल्डरने काम फर्स्ट क्लास केलंय." असं म्हणून त्यांनी छिन्नी लावली, हातोडी मारली आणि एक धडधाकट टाइल अख्खी उचकटली. ती कागदात गुंडाळून माझ्या हातात देत म्हणाले, "मावशींचं तिकीट झालं की मला कळवा."